पट्टी डोळ्यांवर, परीक्षा कानांची : सदरमधल्या एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या निमित्ताने

१/
आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा घरगुती आहे. किल्ला नाही, ताम्रपट नाही, लढाई नाही. नागपूरच्या सदर भागातील आमच्या घरी आजोबांचा एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. तो दुरुस्त करावा की नाही, यावरून या उन्हाळ्यात घरात वाद झाला आणि तो मिटवताना मला माझ्याच विषयाचा, म्हणजे इतिहासाचा, एक धडा नव्याने शिकावा लागला. धडा असा : साक्षीदार प्रामाणिक असला, म्हणजे त्याची साक्ष बरोबर असतेच असे नाही. आणि साक्ष चुकीची ठरली, म्हणजे ती निरर्थक असते असेही नाही.

२/
आधी स्थळ. 'सदर बाजार' हा शब्द इंग्रजी छावण्यांच्या काळात छावणीच्या मुख्य बाजारपेठेसाठी रूढ झाला. म्हणूनच देशातल्या कितीतरी शहरांत एक 'सदर' सापडतो. नागपूरच्या सदरला शेजार लाभला तो भोसल्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंटचा. ती रेसिडेन्सी आज रस्त्याच्या नावात उरली आहे. रेसिडेन्सी रोड, माउंट रोड, लिबर्टी टॉकीज, मंगळवारी बाजार हा आमचा परिसर. आवाजाची परीक्षा घेण्यास याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही, हे पुढे कळेलच.

३/
आजोबांनी तो अ‍ॅम्प्लिफायर १९७० च्या दशकात घेतला. दर्शनी भागाला सागवानी चौकट, जड बटणे, आत पेलताना हात दुखावा असा ट्रान्सफॉर्मर. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर तो कापडाखाली झाकलेला होता. यंदा तो लावून पाहिला, तेव्हा मेकॅनिकने सांगितले की आतले मोठे कपॅसिटर वाळले आहेत, काही भाग शोधून आणावे लागतील, चौदा हजार रुपये खर्च येईल. माझ्या धाकट्या बहिणीने त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत तळहाताएवढा नवा अ‍ॅम्प्लिफायर मागवला आणि तेच जुने स्पीकर त्याला जोडले.

४/
बाबांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "गाणं तेच आहे, पण अण्णांचा आवाज नाही." त्यांच्या मते जुन्या यंत्रात ऊब होती, नवे कोरडे होते. बहीण इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाबा, ही ऊब तुम्हाला सागवानी चौकट पाहून वाटते." बाबा दुखावले गेले. त्यांना कोणी खोटे ठरवले नव्हते, तरी त्यांनी जे ऐकले ते ऐकलेच नाही असे म्हणण्यासारखे ते होते. मध्यस्थी माझ्याकडे आली आणि मी म्हटले, पुरावा गोळा करू.

५/
येथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण 'झाकून परीक्षा' ही कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १७८४ साली फ्रान्सच्या सोळाव्या लुईने एक चौकशी आयोग नेमला. फ्रान्झ मेस्मर नावाचा वैद्य 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करतो, असा पॅरिसमध्ये बोलबाला होता. आयोगात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी रुग्णांच्या डोळ्यांवर अक्षरशः पट्टी बांधली. एका मुलाला बागेतल्या झाडांपाशी नेले. त्यातले एकच झाड 'भारलेले' होते. मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला.

६/
आयोगाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मुलगा ढोंग करत होता असे त्यांनी म्हटले नाही. परिणाम खरा होता. कारण मात्र चुंबकत्व नव्हते, कल्पनाशक्ती होती. ही बारीक रेषा लक्षात ठेवा. आमच्या दिवाणखान्यात तिचीच गरज पडली.

७/
ध्वनियंत्रांच्या जगात ही परीक्षा प्रथम आली ती जाहिरातीचा वेष घेऊन. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर प्रयोग केले. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गायिका गाता गाता मध्येच थांबे, तबकडी पुढे गात राही. कधी सभागृहातले दिवे मालवले जात. प्रकाश आला की गायिका मंचावर नसेच, आणि श्रोते थक्क होत. आज ती तबकडी ऐकली तर ती खऱ्या आवाजासारखी आहे असे कोणी म्हणणार नाही.

८/
मग तेव्हाचे श्रोते फसले कसे? या प्रयोगांतली प्रसिद्ध गायिका अ‍ॅना केस हिने पुढे म्हातारपणी सांगितले की, ती आपला आवाज मुद्दाम यंत्राशी जुळवून घेत असे. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखे गात होता. दिवे मालवले म्हणजे परीक्षा निष्पक्ष झाली असे नाही. पडद्यामागे कोण काय करतो आहे, हेही पाहावे लागते.

९/
या दोषावरचा उपाय संख्याशास्त्राने दिला. रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या ग्रंथातील चहाचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. एका बाईंचा दावा होता की कपात दूध आधी ओतले की चहा, हे त्या चवीवरून सांगतील. फिशर यांनी आठ कप मांडले, चार एका रीतीचे आणि चार दुसऱ्या रीतीचे, क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा यदृच्छेने ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. म्हणून नुसत्या नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. दाव्याला 'खरे' म्हणण्यापूर्वी योगायोगाची किंमत मोजायची, हे त्यातले तत्त्व.

१०/
ध्वनीसाठी याचेच रूप म्हणजे एबीएक्स परीक्षा. १९५० साली बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी ती पद्धत मांडली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ती अ‍ॅम्प्लिफायरसारख्या घरगुती यंत्रांना लावली. 'अ' हे एक यंत्र, 'ब' हे दुसरे, 'क्ष' हे त्या दोहोंपैकीच एक, पण कोणते ते गुपित. श्रोत्याने तिन्ही हवे तितके वेळा ऐकावेत आणि सांगावे, क्ष म्हणजे अ की ब? कोणता आवाज चांगला, हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की फरक ओळखता येतो का?

११/
निकाल अनेकदा अप्रिय निघाले. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवले की, तेच श्रोते तेच स्पीकर उघड्या डोळ्यांनी ऐकताना एक गुण देतात आणि पडद्याआड ऐकताना दुसरा. आकार, किंमत आणि नाव कानात शिरलेले असते. २००७ साली मायर आणि मोरान यांनी उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणे आणि तीच साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून, अशी तुलना केली. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी इतकीच आली असती.

१२/
आता तुम्ही म्हणाल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. आपल्याकडे काय? तर आमच्या घरापासून सिव्हिल लाइन्सकडे चालत निघाले की आकाशवाणी चौक लागतो. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. आकाशवाणीच्या संगीत-चाचणीची व्यवस्था ही माझ्या मते आपल्या देशातील सर्वांत मोठी आणि सर्वांत दीर्घकाळ चाललेली 'झाकून ऐकण्याची' परीक्षा होय. आणि तिची उभारणी दोन मराठी माणसांच्या नावाशी जोडलेली आहे.

१३/
पहिले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्यात जन्मलेले, पॅरिसमध्ये शिकलेले, १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री. दुसरे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईचे, भातखंडे यांचे शिष्य, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. रेडिओवर कोणी गावे हे शिफारशीने, घराण्याच्या दबदब्याने किंवा केंद्रावरील ओळखीने ठरू नये, म्हणून परीक्षा आली. परीक्षकांनी गायकाला पाहायचे नाही, नाव ऐकायचे नाही, समोर येईल तो केवळ आवाज. त्यावरून बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी ठरू लागल्या.

१४/
या कल्पनेचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीचा काळ पाहा. १९४० च्या दशकात तवायफ परंपरेतल्या गायिकांना रेडिओचे दार बंद करण्याचे धोरण आले. त्यांचा आवाज नापास झाला नव्हता, त्यांची ओळख नापास झाली होती. १९४० सालीच हार्मोनियमवर, म्हणजे आपल्या पेटीवर, रेडिओत बंदी आली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तिच्यात श्रुती नाहीत, ती परकी आहे, असा आक्षेप. या पार्श्वभूमीवर 'नाव सांगू नका, फक्त गा' हे वाक्य क्रांतिकारक वाटते.

१५/
तरीही नव्या परीक्षेवर गायक-वादक संतापले, मुंबईत बहिष्कारापर्यंत गोष्ट गेली. आयुष्यभर मैफली गाजवलेल्यांना विद्यार्थ्यासारखे बसवले, ही एक जखम. दुसरा प्रश्न अधिक खोल होता. पडदा गायकाचे नाव झाकतो, परीक्षकाची आवड झाकत नाही. 'शुद्ध' काय, 'शास्त्रोक्त' काय, हे ज्यांनी ठरवले ते पडद्याच्या अलीकडेच बसले होते. शिवाय गायकी ही स्वतःच एक सही असते. कसलेल्या कानाला दोन ताना ऐकून घराणे कळते. म्हणजे पट्टी बांधूनही डोळे थोडे उघडेच राहतात.

१६/
ही दोन्ही उदाहरणे मनाशी धरून मी आमची परीक्षा आखली. मधे निवडखटका लावून दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर त्याच स्पीकरांना जोडले. पहिले काम, दोघांचा आवाज सारखा करणे. किंचित मोठा आवाज माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानदारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फोनवरून एकच अखंड सूर वाजवून बहिणीने स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावला. नव्यावर २.०० व्होल्ट, जुन्यावर २.२४. म्हणजे जवळजवळ एक डेसिबलचा फरक. इतके दिवस बाबा जुने यंत्र थोडे मोठ्यानेच ऐकत होते. बटणे फिरवून दोन्ही समान केले.

१७/
दुसरे काम, शांतता. मे महिना, नागपूर, आणि कुलर बंद. दिवसा हे अशक्य, म्हणून पहाटे पाचला बसलो. तेव्हा रस्त्यावर फक्त दुधाच्या गाड्या असतात. बहीण पडद्यामागे नाणे उडवून खटका फिरवणार आणि वहीत लिहिणार, ती बोलणार नाही. मी बाबांजवळ उत्तरे टिपणार, पण नाण्याचा कौल मलाही ठाऊक नसणार, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. सोळा फेऱ्या. सोळांपैकी बारा किंवा अधिक बरोबर आली तर बाबांचे म्हणणे मान्य. नुसत्या अंदाजाने तेवढी येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. ही अट बाबांना आधी सांगितली, त्यांनी ती स्वीकारली. निकाल पाहून अट ठरवायची नाही, हे इतिहासातही पाळावे असे पथ्य आहे.

१८/
बाबांनी सोळापैकी पंधरा बरोबर सांगितली.

बहीण पडद्यामागून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. बाबा मात्र विजयाने हसले नाहीत. नुसते म्हणाले, "काहून, सांगितलं होतं ना?" आणि चहा टाकायला आत गेले. चौदा हजार खर्च करायचे, हे जवळजवळ ठरले.

१९/
माझ्या टिपणवहीत एक गोष्ट मला खटकत होती. मी प्रत्येक उत्तराची वेळ लिहिली होती. कितीतरी फेऱ्यांत बाबांनी गाणे सुरू होण्याआधीच उत्तर दिले होते. मी जुना अ‍ॅम्प्लिफायर लावला, गाणे लावलेच नाही, आणि स्पीकरला कान दिला. आत एक मंद, अखंड गुणगुण होती. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. एकदिश केल्यावर तिचा अवशेष १०० हर्ट्‌झला उरतो. कपॅसिटर ताजे असतील तर तो गाळला जातो. वाळले की तो स्पीकरमधून ऐकू येतो. बाबा फरक खरोखरच ऐकत होते. फक्त तो फरक गाण्यात नव्हता.

२०/
दुसऱ्या पहाटे परीक्षा पुन्हा झाली. या वेळी गाणे न थांबवता, चालू असतानाच खटका फिरवायचा आणि आवाज गुणगुण झाकली जाईल इतका ठेवायचा, असे ठरले. बाबांना कारण सांगितले. सोळापैकी नऊ.

येथे सावध राहावे लागते. नऊ या आकड्याने दोन्ही यंत्रे एकसारखी आहेत असे सिद्ध होत नाही. एका माणसाने, एका खोलीत, त्या गाण्यांवर फरक ओळखल्याचा पुरावा मिळाला नाही, इतकेच सिद्ध होते. दफ्तरात नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे आपण म्हणतो का? तसेच हे.

२१/
मी बाबांना आकडा सांगितला आणि गुणगुणीविषयीही सांगितले : तुम्ही ज्याला ऊब म्हणता ती बहुधा यंत्राची व्याधी आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेवटच्या वर्षी अण्णांना ऐकू कमी येत होतं. गाणी संपली तरी अ‍ॅम्प चालू आहे की बंद, हे त्यांना कळत नसे. ते तसेच झोपायचे. रात्री मी पाणी प्यायला उठलो की ही गुणगुण ऐकू यायची. मग जाऊन बंद करायचो आणि त्यांच्या अंगावर चादर घालायचो."

आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हते. बाबांनाही, माझ्या मते, त्या क्षणापर्यंत ते 'आठवत' नव्हते. त्यांचे कान आठवत होते.

२२/
आता पेच पाहा. यंत्र दुरुस्त केले की गुणगुण जाणार. म्हणजे बाबांना जो आवाज परत हवा होता, तो दुरुस्तीनेच नाहीसा होणार. आणि दुरुस्त न करावे, तर वाळलेले कपॅसिटर घरात चालू ठेवणे धोक्याचे. जीर्ण कागदाला हात लावताना अभिलेखागारात हाच प्रश्न पडतो : डाग हा कागदाचा दोष, की त्याच्या प्रवासाची नोंद?

परीक्षा झाली नसती, तर आम्ही चौदा हजार देऊन यंत्र निर्दोष करून आणले असते, आणि बाबांना ते पुन्हा कोरडेच वाटले असते. का, हे कोणालाच कळले नसते.

२३/
निर्णय बाबांनीच घेतला. सगळे नको, फक्त मोठे कपॅसिटर बदलायचे, बाकी यंत्र जसे आहे तसे ठेवायचे. खर्च पुष्कळ कमी झाला. मेकॅनिककडे देण्याच्या आदल्या रात्री मी फोन स्पीकरपाशी ठेवून चार मिनिटे गुणगुण ध्वनिमुद्रित केली. फाइलला तारीख, ठिकाण, यंत्र अशी नावे दिली, जशी आपण कोणत्याही साधनाला देतो. बाबांनी ती अद्याप मागितलेली नाही. मीही विषय काढलेला नाही. अ‍ॅम्प्लिफायर परत आला आहे, स्वच्छ वाजतो, आणि रविवारी सकाळी तर्री-पोह्यांबरोबर त्यावर गाणी लागतात.

२४/
तुमच्यापैकी पुष्कळांना मौखिक इतिहासात रस आहे, म्हणून शेवटी एक सांगते. मुलाखत देणारे आजी-आजोबा जेव्हा एखादी गोष्ट ठामपणे सांगतात आणि कागदपत्रे ती खोडून काढतात, तेव्हा दोन घाया होतात. एक, कागद बाजूला सारून साक्ष जशीच्या तशी घेणे. दोन, साक्ष चूक म्हणून टाकून देणे. पडद्याआडची परीक्षा तिसरा मार्ग दाखवते. आधी दावा काटेकोर तपासा, अट आधी ठरवा, स्वतःच्या चेहऱ्यालाही पडद्याआड ठेवा. आणि दावा पडला की तेथे थांबू नका. माणसाने नेमके काय ऐकले होते, ते विचारा.

२५/
घरी असा प्रयोग करायचा असेल, तर चार गोष्टी पुरे : आवाजाची पातळी मोजून समान करा, क्रम नाण्याने ठरवा, क्रम जाणणाऱ्याने श्रोत्यासमोर येऊ नये, आणि किमान सोळा फेऱ्या घ्या. उत्तराची वेळही लिहून ठेवा. आमचे कोडे तिनेच सोडवले.

तुमच्या घरी असे एखादे जुने रेडिओ, टेप किंवा पेटी असेल आणि तिच्या आवाजाविषयी घरात काही ठाम समजूत असेल, तर खाली जरूर लिहा.